हाताने नाडी मोजली तर ७२, प्रोग्राम दाखवतो ९४. ईसीजी प्रकल्पात चुकतंय कुठे?

विश्रामबाग_इलेक्ट्रॉनिक्स

नमस्कार मंडळी. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, चौघांचा प्रकल्प आहे. छातीवरून ईसीजी घ्यायचा, ठोके ओळखायचे आणि त्यातला बिघडलेला ठोका कुठला ते सांगायचं. प्रकल्पाचं नाव सध्या 'हार्ट अटॅक ओळखणारं यंत्र' असं दिलंय.

मांडणी: एडी ८२३२ (ईसीजीचा सिग्नल वाढवणारी चिप) चं तयार बोर्ड, ३.३ व्होल्टवर. पुढे आर्डुइनो उनो. लूपमध्ये अ‍ॅनालॉग रीड, सिरियल प्रिंट, मग डिले(४), म्हणजे सेकंदाला २५० सॅम्पल. सिरियलचा वेग ९६००. लॅपटॉपवर पायथन: आधी ५० हर्ट्झचा नॉच (तेवढीच एक वारंवारता कापणारा फिल्टर), मग पॅन-टॉम्पकिन्स (ठोके शोधायची पद्धत), मग एमआयटी-बीआयएच या ईसीजी डेटाबेसवर शिकवलेलं सीएनएन (न्यूरल नेटवर्क मॉडेल). प्रत्येक ठोक्याच्या दोन्ही बाजूंना १८० सॅम्पल कापून मॉडेलला देतो. सगळे ठोके मिसळून ८०-२० वाटणी केली, अचूकता ९८.९ टक्के आली.

आता अडचणी. मनगटावर नाडी ७२ भरते, प्रोग्राम ९४ दाखवतो. मधूनच एखाद्या ठोक्याला थेट २६० पर्यंत उडी मारतो. नॉच लावूनही रेघेवरची थरथर जात नाही. एफएफटी (कुठल्या वारंवारतेचं किती आहे ते दाखवणारा आलेख) काढला तर ५० ला काहीच नाही, पण ६५ हर्ट्झला उंच सुळका आहे. ६५ हर्ट्झ आमच्या खोलीत कुठून आलं? आणि मॉडेल तर धडधाकट मित्रांचे जवळजवळ सगळेच ठोके 'व्ही', म्हणजे खालच्या कप्प्यातून आलेले, म्हणून सांगतं. मॉडेल बदलून पाहिलं, थर वाढवले, फरक शून्य. दोन आठवड्यांवर रिव्ह्यू आहे.

कृष्णाकाठ_इन्स्ट्रुमेंटेशन

मॉडेलला हात लावू नका. तुमचं घड्याळ चुकलंय.

९४ भागिले ७२ करा: १.३०. ६५ भागिले ५०: तेही १.३०. एकाच पटीत दोन्ही गोष्टी फुगल्यात, म्हणजे खोलीत ६५ हर्ट्झ वगैरे काही नाही. ती आपल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झचीच गुणगुण आहे. तुम्ही २५० समजताय तो सॅम्पलिंगचा वेग प्रत्यक्षात १९२ च्या आसपास आहे.

१९२ च का? ९६०० वेगाला एका बाइटला १० बिट जातात (८ डेटाचे, एक सुरुवातीचा, एक शेवटचा). म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. तुमची प्रत्येक ओळ तीन आकडे आणि ओळ संपवणारी दोन चिन्हं मिळून ५ बाइटची. ९६० भागिले ५, झाले १९२. उनोचा पाठवणीचा बफर ६४ बाइटचा आहे. तो पहिल्या सेकंदातच भरतो आणि त्यानंतर प्रिंटची आज्ञा जागा होईपर्यंत थांबून राहते. डिले(४) लिहिलंय म्हणून ४ मिलिसेकंदांनी सॅम्पल पडतंय असं नाही, तर सिरियल मोकळा होईल तेव्हा पडतंय.

आता बाकीच्या तक्रारी याच एका चुकीतून कशा निघतात ते बघा. ७२ च्या नाडीला दोन ठोक्यांमध्ये ०.८३३ सेकंद, म्हणजे खरी १६० सॅम्पल. प्रोग्राम त्याला २५० ने भागतो, ०.६४ सेकंद मिळतात, म्हणजे मिनिटाला ९४. नॉच तुम्ही २५० धरून ५० ला खणलात, तो प्रत्यक्षात ३८.४ हर्ट्झला पडला. मग थरथर जाणार कशी? पॅन-टॉम्पकिन्सचा ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा घसरून ३.८ ते ११.५ झाला, त्यामुळे संथ टी लहर (ठोक्याच्या उंच टोकानंतर येणारी गोलसर लहर) आत शिरली. २६० ची उडी तीच आहे. आर, म्हणजे ठोक्याचं ते उंच टोक, त्यानंतर साधारण ०.३ सेकंदाने टी चा माथा येतो, ती ५८ सॅम्पल होतात. एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद दुसरा मोजायचा नाही, या बंदीची तुमची ५० सॅम्पल तोवर संपलेली असतात, म्हणून टी ला नवा ठोका म्हणून मोजलं जातं. मूळ पद्धतीत (१९८५) यावरही उपाय आहे: आधीच्या ठोक्यापासून ३६० मिलिसेकंदांच्या आत काही सापडलं आणि त्याचा चढ आधीच्या क्यूआरएसच्या (आर धरून येणाऱ्या टोकदार भागाच्या) निम्म्याहून कमी असला, तर ती टी समजून सोडायची. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच कोडमध्ये हा नियम गाळलेला असतो. तुमच्यातही नसणार.

दुरुस्ती. सिरियलचा वेग ११५२०० करा. डिले काढून टाका. मायक्रोसेकंदांचं घड्याळ वाचा आणि 'पुढची वेळ' नावाच्या चलात दर वेळी ४००० मिळवत जा. इथे हमखास एक चूक होते: 'पुढची वेळ = आत्ताची वेळ + ४०००' असं लिहिलं की प्रत्येक फेरीचा थोडा उशीर साठत जातो. 'पुढची वेळ = जुनी पुढची वेळ + ४०००' असंच हवं. तुलना करताना वजाबाकी अनसाइन्ड लाँगमध्ये करा, नाहीतर साधारण ७० मिनिटांनी घड्याळ शून्यावर आलं की सगळं ठप्प होईल. त्याहून नेटकं हवं असेल तर टायमर १ वापरा: सीटीसी पद्धत, प्रीस्केलर ६४, तुलनेच्या रजिस्टरमध्ये ९९९. १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४ भागिले १००० म्हणजे बरोबर २५०. इंटरप्टमध्ये फक्त झेंडा उभारा, प्रिंट तिथे अजिबात करू नका.

आणि हो, पॅच सुटला की तुमचं स्केच आकड्याऐवजी उद्गारचिन्ह छापतं का? बोर्डाबरोबर मिळणाऱ्या नमुना स्केचमध्ये तसं असतं. पायथनमध्ये ती ओळ टाकून दिली असेल तर तेवढा वेळ गायब होतो आणि दोन ठोके उगाच जवळ येतात. ओळ टाकू नका, त्या जागी 'मोजमाप नाही' अशी खूण ठेवा आणि त्या खुणेच्या अलीकडचा-पलीकडचा ठोका एकमेकांना जोडू नका.

मिरजेत तंबोरा आधी जुळवतात, मग मैफल. आधी एक साधी चाचणी करा: आहे तोच कोड ६० सेकंद चालवून ओळी मोजा.

विश्रामबाग_इलेक्ट्रॉनिक्स

मोजल्या. ११,५१८. दादा, मानलं तुम्हाला. आणि हो, उद्गारचिन्हाची ओळ आम्ही टाकूनच देत होतो. आज रात्री कोड बदलतो. घड्याळ नीट झालं की मॉडेलही सुधारेल ना?

पुस_साडेसात_किलो

उनो कशाला वापरताय? ईएसपी ३२ घ्या. १२ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग), वर वायफाय फुकट. प्रश्नच मिटला.

कृष्णाकाठ_इन्स्ट्रुमेंटेशन

मिटत नाही, बदलतो. ईएसपी ३२ चा एडीसी दोन्ही टोकांना सरळ रेषेत चालत नाही, त्याची दुसरी एडीसी शाखा वायफाय चालू असताना वापरता येत नाही (म्हणून पिन ३२ ते ३९ मधलीच घ्यावी लागते), आणि वायफाय पाठवणी करतं तेव्हा पुरवठ्यात खड्डे पडतात ते रेघेवर दिसतात. या बोर्डाची वाढ साधारण ११०० पट आहे. १ मिलिव्होल्टचा आर म्हणजे १.१ व्होल्ट, उनोवर जवळपास २२५ पायऱ्या. ठोके ओळखायला त्या भरपूर झाल्या. पैसे खर्चायचेच असतील तर एडीएस १२९२आर घ्या. त्यात २४ बिटचे दोन चॅनेल आहेत आणि सॅम्पलिंगचं घड्याळ चिपच्या आतच आहे. पण दोन आठवड्यांत एसपीआयचा (चिपशी बोलायच्या जोडणीचा) नवा घोळ अंगावर घेऊ नये असं माझं मत.

डेटा_आणि_भडंग

मॉडेलबद्दल मी लिहितो. घड्याळ सुधारल्यावर थोडं सुधारेल, पण 'सगळेच व्ही' जाणार नाही. त्याला आणखी तीन कारणं आहेत.

पहिलं, खिडकी. एमआयटी-बीआयएच ३६० हर्ट्झवर घेतलेला आहे. तिथे दोन्ही बाजूंना १८० म्हणजे बरोबर एक सेकंद, आत एक ठोका. तुमच्याकडे १९२ च्या वेगाने तेच ३६० सॅम्पल म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या वर, आत तीन ठोके. मॉडेलने असं चित्र कधी पाहिलेलंच नाही. २५० झालं तरी १.४४ सेकंद राहतातच. म्हणून डेटाबेसच एकदा २५० वर आणा (रीसॅम्पल पॉली, वर २५, खाली ३६) आणि खिडकी सॅम्पलमध्ये न लिहिता मिलिसेकंदांत लिहा.

दुसरं, मोजपट्टी. डेटाबेसमध्ये शून्य रेषा १०२४ ला आणि १ मिलिव्होल्टला २०० पायऱ्या. तुमच्या उनोवर शून्य रेषा १.६५ व्होल्ट, म्हणजे ३३८ च्या जवळ. कच्चे आकडे दिलेत तर सगळा सिग्नल मॉडेलला तळात बुडालेला दिसतो. दोन्हीकडचा सिग्नल आधी मिलिव्होल्टमध्ये आणा. पायथ्याची डुलणारी रेघ काढायला २०० आणि मग ६०० मिलिसेकंदांचा मीडियन फिल्टर चालवा आणि ती रेघ सिग्नलमधून वजा करा. शिवाय तुमचं बोर्ड ०.५ ते ४० हर्ट्झच जाऊ देतं. शिकवायच्या डेटालाही तोच पट्टा लावा, नाहीतर तिकडचे टोकदार आर आणि इकडचे बोथट आर यांची तुलना होणार.

तिसरं, लीड, म्हणजे कुठल्या दोन जागांमधून हृदयाकडे बघतो ते. डेटाबेसच्या बहुतेक नोंदींत पहिला चॅनेल एमएल-दोन (छातीवरून घेतलेली लीड दोन) आहे. तुम्ही पॅच दोन कॉलरबोनखाली लावलेत, म्हणजे लीड एक मिळाली. आकारच वेगळा. हेही बघा की चॅनेल नावाने उचलताय की 'पहिला स्तंभ' म्हणून? नोंद ११४ मध्ये दोन्ही चॅनेल उलट क्रमाने आहेत. १०२ आणि १०४ मध्ये एमएल-दोन नाहीच.

आता ९८.९ बद्दल. रिव्ह्यूला कोणी जाणकार बसला तर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारेल. ४८ नोंदी, ४७ माणसं, सुमारे १,१०,००० ठोके. एकाच माणसाचे ठोके एकमेकांसारखे असतात. सगळे मिसळून वाटले की त्याच माणसाचा आधीचा ठोका शिकवणीत आणि पुढचा परीक्षेत. मॉडेल रोग शिकत नाही, माणसं पाठ करतं. वाटणी माणसांनुसार करा. २००४ पासून संशोधक डी चझाल यांची २२-२२ नोंदींची वाटणी रुळलेली आहे, पेसमेकरच्या चार नोंदी (१०२, १०४, १०७, २१७) वगळून. गंमत म्हणजे २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या आहेत आणि त्या प्रसिद्ध वाटणीत एक शिकवणीत नि एक परीक्षेत पडलीय. अहवालात ही तळटीप टाका, परीक्षक खूश होतील.

तशी वाटणी केलीत की आकडा पडेल. पडू द्या. आणि एकूण अचूकता सांगूच नका, कारण डोळे मिटून प्रत्येक ठोक्याला 'नॉर्मल' म्हटलं तरी ती ऐंशीच्या पुढे जाते. 'व्ही' किती पकडले आणि 'व्ही' म्हणून सांगितलेल्यांतले खरे किती निघाले, हे दोन आकडे द्या. 'एस'चं, म्हणजे वरच्या कप्प्यातून अवेळी आलेल्या ठोक्यांचं, तसंच, पण तिथे सांभाळून: परीक्षेच्या २२ नोंदींतले जवळपास तीन चतुर्थांश 'एस' ठोके एकट्या २३२ मध्ये आहेत. ती एक नोंद जमली की आकडा फुगतो, फसली की झोपतो.

मॉडेलला आकाराबरोबर आधीच्या अंतराचं सरासरी अंतराशी असलेलं गुणोत्तर द्या. अवेळी आलेला ठोका त्यातच निम्मा ओळखू येतो.

मिरज_ईसीजी_टेक्निशियन

आकडेमोडीतलं मला कळत नाही, पण पॅचबद्दल चार गोष्टी सांगते.

पाकीट फोडून ठेवलेले पॅच वापरू नका. जेल वाळलं की रेघ थरथरते आणि तुम्ही फिल्टरला दोष देत बसता. मधलं जेल बोटाला ओलसर लागलं पाहिजे. केस असतील तर तेवढी जागा दाढीच्या पात्याने साफ करा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या गॉजने दोन-तीनदा जरा घासा. स्पिरिट ओलं असताना चिकटवला तर सुटतोच. एप्रिल-मेच्या सांगलीत घामानेही सुटतो, पंख्याखाली पाच मिनिटं बसवून मग लावा. फासळीवर किंवा हाडावर लावा, दंडाच्या मांसल भागावर नको. हात थंडीने किंवा भीतीने कापत असेल तर ती थरथर कधीकधी हुबेहूब फ्लटरसारखी (वरच्या कप्प्यांच्या अतिजलद लयीसारखी) दिसते.

लीड दोन हवी असेल तर: उजव्या हाताची वायर उजव्या कॉलरबोनखाली, डाव्या हाताची वायर डाव्या बाजूला शेवटच्या फासळ्यांवर, तिसरी उजव्या बाजूला खाली. रंगावर जाऊ नका. आपल्या मशिनींवर बहुधा लाल म्हणजे उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. अमेरिकन पद्धतीत पांढरा उजवा आणि काळा डावा. तुमच्या बोर्डाच्या वायरींचा रंग यातल्या कशाशीच जुळेल असं नाही. जॅकपासून पॅचच्या बटणापर्यंत मल्टिमीटरने कन्टिन्युइटी बघा. उजवा-डावा उलटा झाला की सगळी रेघ पालथी पडते. आर खाली, टी खाली. धडधाकट पोरांचे सगळे ठोके 'व्ही' निघायला तेवढंही पुरत असेल.

आणि प्रकल्पाचं नाव बदला. एका लीडवर हार्ट अटॅक ओळखता येत नाही. त्याला बारा लीड लागतात आणि शेजारशेजारच्या निदान दोन लीडमध्ये एसटी (क्यूआरएस आणि टी यांच्यामधला भाग) वर उचललाय का ते बघावं लागतं. तुमचं बोर्ड ०.५ हर्ट्झच्या खालचं कापतं, तिथे एसटीची पातळी आपोआप हलते. निदानाच्या मशिनी ०.०५ पासून १५० हर्ट्झपर्यंत घेतात ते उगाच नाही. तुमचं यंत्र वेग सांगेल, लय वेडीवाकडी आहे का सांगेल, मध्ये खंड पडला का, रुंद ठोका आला का सांगेल. तेवढंही कमी नाही. पण लय अनियमित आणि पी लहर (क्यूआरएसच्या आधीची छोटी लहर) नाही म्हणून 'एएफ' (वरच्या कप्प्यांची विस्कळीत लय) म्हणायचं असेल तर निदान ३० सेकंदांची पट्टी हवी, पाच ठोक्यांवर नाही.

एक गोष्ट मात्र ऐकाच: पॅच अंगावर असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला असू दे. डेस्कटॉपला तर जोडूच नका. आणि कुणाच्या छातीत खरंच दुखत असेल तर तुमचं यंत्र बाजूला ठेवा, १०८ लावा.

कृष्णाकाठ_इन्स्ट्रुमेंटेशन

ताईंचा चार्जरचा मुद्दा सुरक्षेचा आहेच, गुणगुणीचाही आहे. चार्जर काढल्यावर ५० हर्ट्झचा सुळका किती खाली येतो ते मोजून अहवालात टाका. तिन्ही वायरी वेणीसारख्या एकत्र पिळा, मधली मोकळी जागा कमी होते तेवढी गुणगुण कमी. आणि एखाद्या दवाखान्याच्या बायोमेडिकल विभागात पेशंट सिम्युलेटर असतो. विनंती करून अर्धा तास मिळवा: ६०, ८०, १२० चे ठोके आणि १ मिलिव्होल्टची चौकोनी लहर. तुमचं घड्याळ आणि तुमची मोजपट्टी दोन्ही एका बैठकीत तपासून होतील.

विश्रामबाग_इलेक्ट्रॉनिक्स

झालं. ६० सेकंदांत १५,००० ओळी. हाताने ७२, प्रोग्रामवर ७२-७३. सुळका ५० वर आला आणि नॉचने गेला. उजवी-डावी वायर खरंच उलटी होती. माणसांनुसार वाटणी केल्यावर 'व्ही' ८६ टक्के पकडतोय, 'एस'चं विचारू नका. नाव बदलून 'एका लीडवरून लयीतील बिघाडाची पूर्वसूचना' केलं.

एकच उरलंय. चौघांपैकी एकाचा आर अगदी बुटका येतो आणि टी त्याच्याएवढीच उंच. त्याचे ठोके दुप्पट मोजले जातात. थ्रेशोल्ड त्याच्यासाठी वाढवला की बाकीच्या तिघांचे ठोके गळतात.

मिरज_ईसीजी_टेक्निशियन

थ्रेशोल्ड नका हलवू, पॅच हलवा. प्रत्येकाच्या हृदयाचा विजेचा कल वेगळा असतो, काहींचा लीड दोनमध्ये आर छोटाच येतो. डाव्या खालचा पॅच दोन बोटं वर आणि काखेकडे सरकवून बघा, आर उंच होईल तिथे थांबा.

डेटा_आणि_भडंग

आणि तो ३६० मिलिसेकंदांचा चढाचा नियम टाकलात का? उंची सारखी असली तरी टी चा चढ मंद असतो, तिथेच ती पकडली जाते. पॅच सरकवलात तर त्या नोंदीच्या फाइलमध्ये जागा लिहून ठेवा, कारण लीड दोनपासून जितके लांब जाल तितकं मॉडेल त्या मुलाबद्दल कमी भरवशाचं. ठोके मोजायला ती जागा चालेल, प्रकार ओळखायला मूळ जागेवरची पट्टी वेगळी घ्या.